शालेय अंकाचा संपादक

मराठी शाळांतल्या पत्रकारितेची रूपे मुख्यतः तीन: भित्तिपत्रक, हस्तलिखित आणि छापील वार्षिकांक. भित्तिपत्रक व्हरांड्यात लागते, हस्तलिखिताची एकच प्रत निघते आणि ती स्नेहसंमेलनात मांडली जाते, वार्षिकांक छापून घरी जातो. तिन्हींवर विद्यार्थी संपादकांची नावे असतात. पण विषय ठरवणे, मजकूर निवडणे आणि नको तो काढून टाकणे ही संपादनाची खरी कामे बहुतेक ठिकाणी भाषेचे शिक्षक करतात आणि शेवटचा शब्द मुख्याध्यापकांचा असतो. म्हणून या अंकांत कविता, सहलीची वर्णने, थोरांची चरित्रे, कोडी आणि सुविचार भरपूर सापडतात. शाळेविषयीची किंवा गावाविषयीची बातमी सहसा सापडत नाही. मुलांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न या न छापलेल्या बातमीपाशी सुरू होतो.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. हस्तलिखिताच्या परंपरेतले हे फार प्रेमाचे उदाहरण आहे. तरीही त्यात लिहिणारा हात मुख्यतः शिक्षकाचा होता आणि मुले वाचक होती. शिक्षकाने मुलांसाठी लिहिणे आणि मुलांनी स्वतः लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

छत्रपती संभाजीनगरात विद्यार्थ्यांच्या आवाजाचा प्रश्न १९३८ मध्ये उघडपणे उभा राहिला. तेव्हा शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जाहीर सभेसाठी आगाऊ परवानगी मागणारे ‘गश्ती निशाण ५३’ हे सरकारी परिपत्रक लागू होते. मराठवाड्याची बाजू मांडणारे वृत्तपत्र संस्थानाबाहेर छापावे लागे: आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्येच काढलेले ‘मराठवाडा’ पुण्याहून निघत होते आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघत होते. शहरातले इंटरमीडिएट कॉलेज उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इथल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा मराठी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली आणि विद्यार्थ्यांनी संप केला. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया वसतिगृहांत आणि संस्थानातल्या इतर शहरांत पोचले. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. त्यांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने, तेव्हा टी. जे. केदार तिथे कुलगुरू होते. नागपूरला गेलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. कॉलेज म्हटले तरी इंटरमीडिएटची ही मुले वयाने आजच्या अकरावी-बारावीची होती. त्यांच्याजवळ छापखाना नव्हता, सभेची परवानगी नव्हती. जी एक गोष्ट त्यांना एकत्र म्हणता येत होती, तीही बंद करण्यात आली तेव्हा शिक्षण पणाला लावून त्यांनी ती म्हटली.

याच शहरात बारा वर्षांनी उलट अनुभव आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे सुरू केलेले महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेले. नागसेनवन या त्याच्या परिसरात आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरात त्यांच्या आधी कुणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. प्राचार्य म. भि. चिटणीस, डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारख्या शिक्षकांनी या मुलांना लिहिते केले आणि त्यांच्या लिहिण्याला वार्षिकांकात जागा मिळाली. या वातावरणातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले. लवकरच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते पुढे सुमारे अर्धशतक चालवले. दलित साहित्याचा इतिहास या नियतकालिकाला वगळून लिहिता येत नाही. ज्याचे जगणे आजवर छापले गेले नव्हते त्याला ते त्याच्या शब्दांत मांडू देणे, हे या शिक्षकांच्या संपादनाचे मोठेपण. व्याकरण दुरुस्त करणारे शिक्षक पुष्कळ असतात. न आवडणाऱ्या मजकुरामागेही उभे राहणारे मोजके.

कायद्याची बाजू वाटते त्याहून स्पष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य ‘सर्व नागरिकांना’ आहे. तिथे वयाची अट नाही. बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधल्या दहावी, नववी आणि पाचवीतल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढण्यात आले होते. ती उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांची हकालपट्टी रद्द केली. खात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि नुसत्या परिपत्रकाने मूलभूत हक्क रोखता येत नाही, हे या निकालातले सूत्र शालेय अंकालाही लागू पडावे असे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १३ मुलांना माहिती मिळवण्याचा आणि ती इतरांपर्यंत पोचवण्याचा हक्क देते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत हा युक्तिवाद सरळ आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत तो तितका सरळ नाही.

शालेय वृत्तपत्राविषयी सर्वांत सविस्तर न्यायालयीन वाद अमेरिकेत झाले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये टिंकर खटल्यात निकाल दिला. १९८८ च्या हेझलवूड खटल्यात ते मागे सरकले. मुख्याध्यापकांनी ‘स्पेक्ट्रम’ या शालेय वृत्तपत्रातली दोन पाने काढून टाकली होती. त्यांवर विद्यार्थिनींचे गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवरचे लेख होते. शैक्षणिक कारण असेल तर शाळेला असे करता येते, असा निर्णय पाच विरुद्ध तीन मतांनी झाला. त्यानंतर अनेक राज्यांनी विद्यार्थी संपादकांना संरक्षण देणारे स्वतःचे कायदे केले. कॅलिफोर्नियात तो १९७७ पासून होताच.

शिक्षकाने थांबवावे असे काही असतेच. गुन्ह्यात सापडलेल्या किंवा अत्याचार सोसलेल्या मुलाची ओळख छापण्यास बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ आणि पोक्सो कायद्याचे कलम २३ मनाई करतात. कुणाची बदनामी, कुणाच्या जातीची किंवा अंगव्यंगाची टवाळी हेही छापायचे नसते, आणि ते का हे शिकणे पत्रकारितेचाच भाग आहे. पण शाळेतली बंद पडलेली स्वच्छतागृहे, न उघडणारे वाचनालय, दप्तराचे ओझे, रिक्षात कोंबलेली मुले हे विषय या यादीत येत नाहीत. शाळेचे नाव खराब होईल ही भीती खरी असली तरी मजकूर काढण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

छत्रपती संभाजीनगरातल्या मुलांना अशी बातमी शोधायला लांब जावे लागत नाही. जायकवाडीसारखे धरण जवळ असून नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. नववीतल्या मुलीने आपल्या गल्लीत पाणी कोणत्या तारखांना आले याची महिनाभर नोंद ठेवली, टँकरला किती पैसे गेले हे शेजाऱ्यांना विचारले, वर्गातल्या इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि महापालिकेची बाजू विचारून घेतली, तर तो पाणीटंचाईवरच्या शंभर निबंधांहून मोलाचा मजकूर ठरेल. निबंधात मत असते आणि ते बहुधा पाठ केलेले असते. बातमीत तपासता येणारी गोष्ट असते, आणि ती लिहिणारा तिच्याबद्दल उत्तर द्यायला बांधील असतो.

अशा बातमीला अंकात जागा मिळावी यासाठी शाळेने चार ओळींचा लेखी नियम करून तो अंकातच छापला तरी पुरेल. विषय विद्यार्थी संपादक मंडळ ठरवील. शिक्षक सल्ला देतील आणि तथ्ये तपासून घेतील. मजकूर वगळायचा तर कारण लेखी देऊन तो लेखकाला परत करतील. ते कारण मान्य नसेल तर मंडळाला मुख्याध्यापकांसमोर बाजू मांडता येईल.