दारात थार, शेतात पिकअप; हप्ता मात्र दर महिन्याला

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि ग्रामीण तालुक्यांत गाड्यांचा विषय पुन्हा पारावर आला. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मालवाहू गाड्यांचा २८ वरून १८ वर. चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाडीला आधी सेस धरून ३१ टक्के लागायचे, तिथेही आता १८ टक्के. बोलेरो यात बसते. दीड लिटर डिझेलची थारही बसते. दोन हजारच्या वर सीसी असलेली, चारही चाकं ओढणारी थार मात्र ४० टक्क्यांत गेली.

आता इथेच खरी गंमत आहे. गावात ज्या थार दिसतात, त्यातल्या किती चारही चाकं ओढणाऱ्या? जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मागच्याच चाकांवर चालणारी थार आणली, १० लाखांच्या आत किंमत ठेवून. बाहेरून तीच उंची, तोच दिमाख. पण ती फोर बाय फोर नाही. तिला ना पुढच्या चाकांना ताकद, ना चिखलातून हळूहळू निघायला लागणारा लो गिअर. पावसाळ्यात निफाड-येवल्याच्या काळ्या रानात ही गाडी घातली की टायरच्या नक्षीत चिखल भरतो, चाक गुळगुळीत होऊन जाग्यावर फिरते, आणि मग शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. फोर बाय फोरवाल्यानेही फार मिशीला पीळ देऊ नये. काळ्या मातीत टायर साधे असतील तर दोनाच्या जागी चार चाकं फिरतात, एवढाच फरक.

तरीही या गाडीचे वेड उगाच नाही. नाशिक जिल्ह्याचे आणि जीपचे नाते जुने आहे. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ या गाड्या नाशिकच्याच कारखान्यात बनत आल्या. तालुक्यातली किती तरी पोरं आयटीआय करून तिथे कामाला लागली. त्याच्या आधी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या घाटवाटांवर कमांडर नि ट्रॅक्सच धावायच्या. एसटी जिथे जात नव्हती तिथे आजारी माणूस, बाजारचा माल नि लग्नाचे वऱ्हाड याच गाड्यांनी पोचवले. आतमध्ये दहा, टपावर आणि मागे लटकलेले वेगळे. बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ ला. मग सरपंच, ठेकेदार, द्राक्ष बागायतदार यांच्या दारात ती दिसू लागली. पहिली थार २०१० ची, पण तिला आज जो मान आहे तो २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या रूपापासून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची रॉक्स आली आणि 'मागे बायका-पोरांना चढता येत नाही' ही घरातली तक्रारही मिटली.

पैसा कुठून आला, हे गावात सगळ्यांना माहीत असते. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. जमिनीला थेट खरेदीत चांगला दर मिळाला. काहींनी त्यातून दुसरीकडे जमीन घेतली, विहीर-पाइपलाइन केली, पोरींची लग्नं केली. काहींच्या दारात पहिल्या सहा महिन्यांत गाडी आली. जमिनीचा पैसा गाडीत घातला की तो वर्षागणिक कमी होत जातो, हे सांगायला कुणा अर्थतज्ज्ञाची गरज नाही. पण निदान ती गाडी रोखीची असते. अडचण आहे ती हप्त्यावर घेणाऱ्याची, आणि त्यांचीच संख्या जास्त.

हिशोब मांडून बघा. १० लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, मुदत ७ वर्षे. महिन्याचा हप्ता बसतो साधारण १६,३०० रुपये. सात वर्षांत भरायचे पावणेचौदा लाखांच्या घरात, म्हणजे निव्वळ व्याज पावणेचार लाखांच्या आसपास. त्याआधी रोड टॅक्स. महाराष्ट्रात डिझेलच्या खासगी गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के आणि १० ते २० लाखांना १४ टक्के. जीएसटी उतरला तरी हा उतरलेला नाही. विमा दरवर्षी. डिझेल लिटरला ९० रुपये धरा नि गाडी १२ चा अॅव्हरेज देते असे धरा, तर किलोमीटरला साडेसात रुपये नुसते डिझेल.

वर्षाचे हप्ते झाले १ लाख ९६ हजार. कांदा १,५०० रुपये क्विंटलने गेला तर त्यासाठी १३० क्विंटल लागतो. एकरी १०० क्विंटल धरला तर सव्वा एकराच्या वर. भाव ८०० वर आला की तोच हप्ता २४५ क्विंटल खातो, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. यात रोपं, लागण, खत, औषध, काढणी, चाळ, भाडे, हमाली, तोलाई काहीच धरलेले नाही. हे सगळे वजा केले तर ८०० च्या भावात हप्त्यासाठी शिल्लक शोधावी लागेल.

आणि भाव काही शेतकऱ्याच्या हातात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच केली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य लावून. शुल्क पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडला. बंदीच्या त्या पाच महिन्यांत लाल कांदा संपला, उन्हाळ कांदा सुरू झाला. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून कापला जात होता. कांदा विकला नाही म्हणून फायनान्सवाला थांबत नाही.

ट्रॅक्टरच्या कर्जात निदान सहामाही हप्त्याची सोय मिळते. पीक निघाले की भरा. गाडीच्या कर्जात हे सहसा नसते. ते पगारदाराच्या हिशोबाने आखलेले आहे, दर एक तारखेला पगार होणाऱ्यासाठी. शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. मधल्या महिन्यांत हप्ता कशातून जातो? दुधाच्या पगारातून, नाही तर सोसायटीच्या पीककर्जातून, नाही तर सोने गहाण ठेवून. हप्ते थकले की सिबिल बिघडते. पीककर्जाला सिबिल बघू नका असे सरकार बँकांना वारंवार सांगते, तरी बँकेत गेल्यावर काय ऐकायला मिळते ते ज्याचे त्याला ठाऊक.

मग घेतात कशाला, असे शहरातला माणूस सहज विचारतो. लग्नाच्या बाजारात शेती करणाऱ्या पोराला आधीच विचारत नाहीत. दारात गाडी असली तर निदान बैठक होते. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, बाळंतीण अडली तर ज्याच्याकडे गाडी त्याचेच दार वाजते. आणि आनंद म्हणूनही काही असतो की नाही? श्रावणात सुरगाण्याच्या डोंगरातून, भावली धरणाच्या कडेने गाडी चालवण्यात सुख आहे. ते पुण्या-मुंबईच्या माणसाने भोगले तर पर्यटन आणि शेतकऱ्याच्या पोराने भोगले तर उधळपट्टी, असे कसे? प्रश्न हौसेचा नाहीच, ती कोणत्या पैशावर करायची याचा आहे.

याच गावात दुसरी एक गाडी आहे, तिच्याबद्दल कुणी रील करत नाही. पिकअप. लासलगावच्या आवकेच्या बातमीत ती नुसता 'नग' असते. थारच्या जवळपासच्या पैशात येणारी ही गाडी दिवसाला कमावते. सकाळी टोमॅटो पिंपळगावला, दुपारी खताच्या गोण्या, सीझनला द्राक्षाच्या पेट्या. भाडे लागले तर हप्ता गाडीच भरते.

पण कमाईचे हे गणित ओव्हरलोडवर उभे आहे, हे उघड गुपित. पासिंग दीड टनाचे, माल अडीच टन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा मालाला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहेत. एका कारवाईत दहा-बारा फेऱ्यांची कमाई जाते. ब्रेक, पाटे, टायर यांचे काय होते ते चांदवडच्या घाटात पिकअप उतरवणाऱ्याला विचारा.

त्याहून गंभीर गोष्ट मजुरांची. पेठ, सुरगाण्यातून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजूर येतात. पहाटे मुकादम पिकअप भरतो. मागच्या हौद्यात वीस-पंचवीस बाया-माणसं, डबे, लहान पोरं, सगळे उभे. गाडी मालवाहू, परवाना मालाचा. अपघात झाला की मग कागद निघतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२-०३ मध्येच स्पष्ट केले आहे. मालासोबत चाललेला मालाचा धनी किंवा त्याचा माणूस यांचे संरक्षण वेगळे. बागेत छाटणीला चाललेली बाई त्यात बसत नाही. म्हणजे भरपाईचा बोजा येतो गाडीमालकावर, ज्याच्या नावावर दोन एकर आणि त्या गाडीचाच हप्ता आहे. मजुराच्या घरच्यांना मिळणार तरी काय आणि तो देणार तरी कुठून? बागायतदार मुकादमाला माणशी पैसे देतो आणि विषय संपला समजतो. छाटणीच्या दिवसांत दोन-तीन बागायतदारांनी मिळून परवान्याची प्रवासी गाडी लावली तर माणशी खर्च किती वाढेल, हा हिशोब एकदा कागदावर मांडण्यासारखा आहे.

थारवाल्यांच्या बाबतीतही कायद्याचे असेच अज्ञान दिसते. पुढे लोखंडी बुल बार, रुंद बाहेर आलेले टायर, काळ्या काचा, ढोलासारखा सायलेन्सर. बुल बारच्या विरोधात केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. धडक बसली की तो सगळा धक्का सरळ चासीवर नेतो, एअरबॅगचे गणित चुकवतो, आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याला तर तो लोखंडाचा घणच. काळ्या फिल्मवर २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. गाडीत कंपनीच्या नोंदीबाहेर बदल केला तर कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आरटीओने मनावर घेतले तर एका गाडीमागे २० हजार निघतील.

हप्ता झेपेना झाला की गाडी विकायला निघते. दोन-तीन वर्षांच्या थार आणि पिकअप सध्या गावोगाव फिरत आहेत. इथे पुढचा फास असतो. कर्ज शिल्लक, म्हणून आरसी नावावर होत नाही. मग शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी, 'पुढचे हप्ते घेणाऱ्याने भरायचे' असे लिहून चावी दिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगितले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, भरपाईसाठी मालक तोच. गाडी मग तीन हातांतून गेलेली का असेना. घेणाऱ्याने हप्ते थांबवले तर बँक मूळ मालकाकडे येते, त्याने कुणाला उडवले तर नोटीसही मूळ मालकालाच. कर्ज आधी बंद करून बँकेची एनओसी घ्यायची, फॉर्म २९ आणि ३० भरायचे आणि नाव बदललेले ऑनलाइन दिसेपर्यंत पूर्ण चावी सोडायची नाही. नोटरीचा कागद आरटीओत चालत नाही.