अब्बांच्या गोळ्यांची पिशवी

अब्बांच्या इंतकालानंतर कपाटात त्यांच्या औषधांची पिशवी राहिली. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या, अर्धी संपलेली सिरपची बाटली. अम्मी म्हणाली, "फेकू नकोस. कुणा गरजूला दे, सवाब मिळेल." शेजारच्या खालांची शुगर वाढलेली होती. मी दोन पट्ट्या त्यांना नेऊन दिल्या. तिसऱ्या दिवशी खाला घामाने भिजून कोसळल्या. शुगर एकदम खाली गेली होती. रात्रीच पोलादपूरहून महाडला न्यावं लागलं. अल्लाहच्या मेहरबानीने वाचल्या.

चूक माझीच होती. वर्गात मुलांना प्रश्न नीट वाचायला सांगणारा मी, चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे ते न बघता औषध वाटत होतो! अन्न, कपडे, पैसा यांचा सदका होतो. डॉक्टरांनी एका माणसाची तब्येत बघून लिहिलेली गोळी दुसऱ्याला देणं हा सदका नव्हे.

मग उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं? भाऊ म्हणाला, "सावित्रीत टाक." महाबळेश्वरहून निघालेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर किती गावं आहेत! पाण्यात गेलेलं औषध तिथेच संपत नाही. अँटिबायोटिक पाण्यात, मातीत गेलं की त्याला दाद न देणारे जंतू वाढायला मदत होते. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ती जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन देशातली गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये सरकारला जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आणावी लागली. जुलै 2021 च्या पुरानंतर महाडच्या चिखलात औषधांच्या पट्ट्याही सापडत होत्या. कपाटात वर्षानुवर्षं साठवून ठेवणं हाही उपाय नाही.

नियम आहेत. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती आणि तो गोळा करायला केंद्रं काढायला सांगितलं होतं. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ट्रॅमाडॉल, डायझेपामसारखी 17 औषधं चुकून कुणी घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तेवढीच शौचालयात सोडा, असं त्यात आहे. बाकीची परत घेण्याची सोय व्हावी, असंही सुचवलं आहे. केरळने कोझिकोडमध्ये अशी औषधं गोळा करायला सुरुवातही केली.

आमच्या मेडिकलवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "सर, फोडलेली पट्टी मी कुठे ठेवू?" त्याचंही खरं आहे. एकट्या दुकानदाराने हा भार का उचलावा? महाड नगरपरिषद, पोलादपूर नगरपंचायत आणि औषध विक्रेत्यांनी मिळून कुलपाच्या पेट्या ठेवाव्यात. जमलेला माल दवाखान्यांच्या कचऱ्यासोबत भट्टीत जाळायला पाठवावा. मशिदीत जुम्म्याला, मंदिरात, शाळेत त्याची माहिती द्यावी.

तोपर्यंत घरी एवढं करा. गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधा, मगच कचऱ्यात द्या. चिठ्ठीवरचं नाव खोडा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा. गोळ्या चुलीत जाळू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

खाला आता बऱ्या आहेत. भेटल्या की म्हणतात, "मास्तर, आज काही देऊ नकोस हां!" मी हसतो, पण मान खाली जाते.