नवाहोंचा नकार आणि करांचा अधिकार

नवाहो जमातीने १९३५ साली दिलेल्या नकाराचे फळ तिच्या पदरात पडण्यास पन्नास वर्षे लागली. अमेरिकेच्या संघ सरकारने १९३४ साली इंडियन जमातींच्या कारभाराची पुनर्रचना करणारा कायदा केला. जमातींनी लिखित घटना स्वीकारून आपला कारभार पाहावा, हा त्याचा आशय. हेतू उदार होता. परंतु त्याचे पुरस्कर्ते, इंडियन खात्याचे आयुक्त जॉन कॉलियर, त्याच वेळी जमिनीची धूप थांबविण्यासाठी नवाहोंची जनावरे कमी करीत होते. विकत घेतलेल्या कित्येक शेळ्या वाहून नेणे जमेना, तेव्हा त्या जागीच गोळ्या घालून मारण्यात आल्या. ज्यांचे भांडवल, अन्न आणि प्रतिष्ठा कळपात होती, त्यांनी मतदानातून उत्तर दिले. सुमारे पाचशे मतांच्या फरकाने कायदा फेटाळला गेला.

वरवर पाहता हा रागाच्या भरातील अविचार. पण १९७८ साली नवाहो मंडळाने खाणकंपन्यांवर कर बसविले आणि केर-मॅगी कंपनी न्यायालयात गेली. मंत्र्यांच्या संमतीवाचून हा कर अवैध, असा तिचा दावा. पुनर्रचना कायद्याखालील अनेक जमातींच्या घटनांत अशा संमतीची अट होती. नवाहोंकडे तशी घटनाच नव्हती! १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नवाहोंच्या बाजूने निकाल दिला.

कराचा अधिकार मिळाला. खनिजाच्या किमतीवरचा ताबा मात्र नाही. पीबॉडी कंपनीबरोबरच्या १९६४ च्या करारात कोळशाचे स्वामित्वधन टनामागे फार तर ३७.५ सेंट होते. १९८४ साली खात्याच्याच विभागीय अधिकाऱ्याने ते उत्पन्नाच्या २० टक्के ठरविले. कंपनीने अपील केले, तिच्या प्रतिनिधीने मंत्र्यांची खासगीत भेट घेतली, आणि मंत्र्यांनी निर्णय रोखून उभयतांना वाटाघाटीस बसविले. १२.५ टक्क्यांवर तडजोड झाली. एकेक शेळी मोजणारे खाते कोळशाच्या टनांबाबत इतके उदासीन असावे, हे नवलच. विश्वस्त म्हणून सरकारने भरपाई द्यावी, ही नवाहोंची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००३ आणि पुन्हा २००९ साली नाकारली.

दरम्यान, २००० सालच्या कायद्याने व्यापारी व शेतीविषयक भाडेपट्टे मंत्र्यांच्या संमतीवाचून करण्याची मुभा नवाहोंना दिली. खनिजांचे पट्टे त्यातून वगळले होते.