झिंगाट संपल्यावर

येत्या महिन्यात आमच्या पुतणीचे लग्न आहे. हळदीच्या रात्री वाजवायच्या गाण्यांची यादी तिने स्वतः केली. पहिले नाव अर्थातच 'झिंगाट'. या गाण्यावर म्हातारे-कोतारेही पाय हलवतात. आम्हीही हलवले आहेत, खोटे कशाला बोला! त्या निमित्ताने परवा घरी सर्वांनी मिळून 'सैराट' पुन्हा पाहिला. तेव्हा जे ध्यानात आले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ सालचा. संगीत अजय-अतुल या भावांचे. गाणी चारच, आणि चारही मध्यंतराच्या आत. या संगीतासाठी हे दोघे थेट अमेरिकेतल्या सोनीच्या स्टुडिओत गेले आणि तिथल्या वादकांचा मोठा ताफा बसवून व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्ये असे सारे ध्वनिमुद्रित करून आणले. एवढा खर्च कशाला, असे तेव्हा आम्हाला वाटले होते.

पण नीट ऐका. व्हायोलिनचा असा ताफा सिनेमात बहुतेक वेळा बंगल्यातल्या नायकासाठी वाजत आला. इथे तो मासेमारी करणाऱ्या घरातल्या परशासाठी वाजतो. 'याड लागलं'मध्ये अजय गोगावले यांचा आवाज उघड्या रानात मारलेल्या हाकेसारखा चढतो आणि त्या हाकेमागे सगळा वाद्यवृंद उभा राहतो. गरिबाच्या पोराच्या प्रेमाला असा मान फार थोड्यांनी दिला. हां, कुठे कुठे ताफा जरा जास्तच अंगावर येतो. साध्या नजरानजरेलाही लाटा उसळतात, तेवढे कमी चालले असते. श्रेया घोषाल यांनी गायिलेले 'आताच बया' मात्र कितीदा ऐकले तरी शिळे होत नाही.

आता 'झिंगाट'. हे गाणे चित्रपटात कुठे येते, आठवते का? पाटलाच्या घरी आर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा, वाढदिवस असतो. परशा मित्रांसह बेभान नाचतो, आर्चीही नाचते आणि त्याच रात्री दोघे पकडले जातात. पुढे काही वर्षांनी हैदराबादच्या घरी माहेरची भेट घेऊन जे येतात, त्यांत हाच प्रिन्स असतो. ज्याच्या वाढदिवसाला नाचले, त्याच्यासाठीच शेवटी चहा ठेवला जातो. आपण ते गाणे तेवढे उचलून मांडवात आणले.

मध्यंतरानंतर एकही गाणे नाही. झोपडपट्टी, डोशाची गाडी, भांडणतंटा, मग संसार. शेवटी लहानगे पोर शेजारणीकडून घरी परतते, आत जाते, आणि तिथून पुढे पडद्यावर काहीच वाजत नाही. पोर रडते तेही ऐकू येत नाही. आमच्या मातोश्रींना वाटले टीव्हीचाच आवाज गेला. त्यांनी रिमोट उचलून दोनदा बटण दाबले. मग त्यांना कळले.

परदेशी जाऊन एवढा ताफा वाजवून घेणाऱ्यांनी नेमक्या त्या जागी एकही सूर लावला नाही. दुसऱ्या कोणी तिथे सनई रडवली असती, आपण डोळे पुसले असते आणि उठून जेवायला बसलो असतो. २०१८ साली याच कथेवर हिंदीत 'धडक' आला. 'झिंगाट' त्यात घेतले, कथा उदयपूरला नेली, शेवट बदलला आणि जात पार मागे सारली.

सिनेमा संपल्यावर पुतणी बराच वेळ बोलली नाही. तिचा होणारा नवरा दुसऱ्या समाजातला आहे. त्याच्या घरचे अजून आमच्या उंबऱ्याला आलेले नाहीत. त्याच्या थोरल्या भावाचा मात्र काल फोन आला, हळदीला येतो म्हणाला. गाणे यादीत ठेवायचे की नाही, हे आम्ही तिच्यावरच सोडले आहे.