आकृतिबंधाबाहेरची माणसे

‘आकृतिबंध’ हा शब्द मराठी समीक्षेत आपण कथेच्या वा कवितेच्या रचनेविषयी बोलताना वापरतो. महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात त्याला निराळा अर्थ आहे. एखाद्या कार्यालयात कोणती पदे, किती आणि कोणत्या श्रेणीची, याचा मंजूर तक्ता म्हणजे आकृतिबंध. दोन्ही अर्थांना एक गोष्ट समान आहे. आत काय घेतले याइतकेच बाहेर काय ठेवले, यावरही आकृतिबंधाचा अर्थ ठरतो.

माणसांना तक्त्याबाहेर ठेवण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. एखादी व्याख्या पुरते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गावपातळीवर तिचा भार अंगणवाडी सेविका आणि मदतनीस वाहतात. मुलांची वजने, पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, नोंदवह्या हे सारे त्यांच्याकडे. तरीही त्यांना ‘मानसेवी’ म्हटले गेले आणि त्यांच्या हाती पडते त्याला वेतन नव्हे, ‘मानधन’. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्या नागरी पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. या पदांना वैधानिक आधार नाही, सरकारी भरतीचे नियम त्यांना लागू नाहीत, अशी त्यामागची कारणे होती. म्हणजे ज्याने नियम लागू केले नाहीत, त्यालाच त्या अभावाचा लाभ मिळाला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. १९७२ च्या कायद्यापुरते मानधन हेही वेतनच ठरले. एका शब्दाचा अर्थ लागायला शेहेचाळीस वर्षे गेली. दरम्यान २००५ पासून ‘आशा’ आल्या, त्याही ‘स्वयंसेविका’ म्हणूनच.

याबाबत आपण केवळ प्रेक्षक नाही. आपल्या महाविद्यालयांतील कितीतरी मराठी विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जोरावर चालतात. त्यांचे नाव वेळापत्रकात असते, सेवाज्येष्ठतेच्या यादीत नसते. मोबदला वर्गातील तासाचा. त्या तासासाठी केलेल्या वाचनाचा नव्हे. सत्र संपले की संबंधही संपतो, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

मंजूर पदांची मर्यादा मनमानी भरतीला आळा घालण्यासाठी आहे, हा युक्तिवाद निराधार नाही. पण जे काम वर्षानुवर्षे, रोज, ठरलेल्या जागी करावे लागते, ते करणारा माणूसच तेवढा तात्पुरता कसा? मर्यादा पदांवर आहे, कामावर नाही. आणि या दोहोंतील अंतर कोणाच्या तरी आयुष्याने भरून काढले जाते.

दलित आणि स्त्रीवादी साहित्य शिकवताना आपण विद्यार्थ्यांना विचारायला शिकवतो: या संहितेत कोण गैरहजर आहे? हा प्रश्न विचारणारा अध्यापकच अनेकदा संस्थेच्या संहितेत गैरहजर असतो. ‘मानधन’, ‘स्वयंसेविका’, ‘तासिका’ हे शब्द निरागस नाहीत, आणि ते वाचणे हे आपल्याच शास्त्राचे काम आहे. पदनिर्मिती आपल्या हाती नाही हे खरे. पण विभागाचा वार्षिक अहवाल आपणच लिहितो. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी शिकवले, त्या सर्वांची नावे एकाच यादीत छापायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची?