आकडा उतरला, पण आजार?

साठी उलटलेल्या गृहस्थाने तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, ओळखीची नावे ऐनवेळी आठवत नाहीत, अशी तक्रार केली, की 'आता वय झाले' एवढे एकच उत्तर आपल्या घरांत तयार असते. त्याच घरात वर्षाकाठी रक्ताच्या पंचवीस-तीस तपासण्यांचा संच मात्र हौसेने करून घेतला जातो आणि अहवालात 'होमोसिस्टीन' या नावापुढे ठळक छापलेला आकडा दिसला, की सारे कुटुंब हृदयविकाराच्या धास्तीने हवालदिल होते. लक्षणांविषयी अनास्था आणि आकड्याविषयी भीती असा हा विचित्र संसार आहे. खेदाची गोष्ट अशी, की या दोहोंचे मूळ पुष्कळदा एकच असते.

होमोसिस्टीन हे रक्तातील एक ॲमिनो आम्ल. आहारातील प्रथिनांतून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून ते शरीरातच तयार होते. ब-१२ जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल यांच्या साहाय्याने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते. ब-६च्या साहाय्याने त्याची दुसऱ्या मार्गाने विल्हेवाट लागते. या मदतनिसांपैकी एखादा कमी पडला, की होमोसिस्टीन रक्तात साचू लागते. किल्मर मॅककली या अमेरिकन वैद्यकाने १९६९ मध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराने दगावलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा त्या वृद्धांच्या रक्तवाहिन्यांसारख्या कठीण झालेल्या आढळल्या. या मुलांच्या रक्तात होमोसिस्टीन अतोनात वाढलेले होते. मोठ्या माणसांच्या हृदयविकारामागेही हेच द्रव्य असावे, असा तर्क त्यांनी मांडला. प्रारंभी उपेक्षिला गेलेला हा विचार पुढे इतका मान्यता पावला, की स्वस्त जीवनसत्त्वांनी हृदयविकार टळेल, अशी आशा सर्वत्र पसरली.

या आशेची कसोटी २००६ मध्ये लागली. हृदयविकार, रक्तवाहिन्यांचे विकार किंवा मधुमेह असलेल्या, पंचावन्न वर्षांवरील ५,५२२ रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे ही जीवनसत्त्वे देण्यात आली आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरले. पण हृदयविकाराचे झटके आणि त्यांतून ओढवणारे मृत्यू यांत म्हणावा असा फरक पडला नाही. पक्षाघाताचे प्रमाण तेवढे काहीसे घटले. पर्वतावर धूर दिसला, की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे आपल्या न्यायशास्त्राने शिकविले. धूर वारून टाकला म्हणजे अग्नी विझतो, असे त्याने कधीही म्हटले नाही! मधुमेहाची चाहूल वर्षानुवर्षे आधी देणारी पाच ॲमिनो आम्ले अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिली. तो शोध मोलाचा आहे. परंतु त्याच्या आधारे कोणी उद्या महागड्या तपासण्यांचे दुकान मांडले, तर हा दाखला विसरता कामा नये.

मग होमोसिस्टीनचा विषय येथेच संपला काय? मुळीच नाही. आपल्यापुरता तर तो येथूनच सुरू होतो. त्याच २००६ साली पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी होते. खाऊनपिऊन सुखी अशा मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. अमेरिकेतला धूर कशाचा, याविषयी वाद होऊ शकेल. आपल्याकडचा अग्नी कोठे आहे, हे या आकड्यांनी स्पष्टपणे दाखविले आहे. त्या वेळी मध्यमवयात असलेली ती पिढी आज साठीच्या आसपास पोहोचली आहे.

ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून येते. वार्धक्यात जठरातील आम्ल कमी झाले, की खाल्लेलेही नीट अंगी लागत नाही. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन त्याचे शोषण आणखी घटविते. परिणामी मज्जातंतू क्षीण होतात, आणि पायांच्या मुंग्यांचे खापर मधुमेहावर किंवा वयावर फुटते. उपचारास फार विलंब झाला, तर गेलेली संवेदना पूर्णपणे परत येईलच असे नाही. नुसत्या फॉलिक आम्लाने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

हा शाकाहारावरील आक्षेप नव्हे. हे जीवनसत्त्व मुळात जिवाणू तयार करतात आणि औषधातील ब-१२ही त्यांच्याच साहाय्याने बनते. प्रश्न आहाराच्या अभिमानाचा नसून वेळीच दखल घेण्याचा आहे. मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि धोका असलेल्या रुग्णांचे ब-१२ वेळोवेळी तपासावे, असा सल्ला ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये दिला. जेथे मांसाहार सर्वसामान्य आहे, त्या देशाला ही काळजी वाटते. मग आपण स्वस्थ का बसावे?

ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१०-११ मध्येच सुरू झाला. जेथे मधुमेहाच्या गोळ्या दिल्या जातात, तेथे वृद्ध रुग्णाला मुंग्या, तोल आणि विस्मरण यांविषयी तीन प्रश्न विचारणे आणि गरज दिसताच ब-१२ देणे, यासाठी कोणत्याही नव्या यंत्रणेची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती अहवालातील आकड्यावरून दृष्टी उचलून समोर बसलेल्या माणसाकडे पाहण्याची. 'वय झाले' हे निदान नव्हे. ती आपल्या बेपर्वाईची सबब आहे.