मांजराला पोत्यात घालण्याआधी

ज्या घरात सुई-दोरा आहे त्या घरात मांजर ठेवू नये, असं एक मत आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यापासून फार जोरात आहे. हे मत लोक माझ्याकडे येऊन मलाच ऐकवतात, कारण माझ्या घरी सुई-दोराही आहे आणि मांजरंही आहेत. एक ठिपकी, आणि दुसरा बोका, ज्याचा रंग हुबेहूब न रंगवलेल्या टसरचा आहे. आमच्या भंडाऱ्याकडे टसरला कोसा म्हणतात, म्हणून त्याचं नाव कोश्या.

मत जोरात येण्याचं कारण आधी सांगते. चार घरं सोडून एक सून घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तिच्या शिलाईवर त्या घराचा निम्मा खर्च चालतो. त्यांच्या मांजरीने जमिनीवर पडलेला जरीचा धागा गिळला. दोन दिवस मांजरी ओकत राहिली, कोपऱ्यात दडून बसली. तिसऱ्या दिवशी धाग्याचं टोक मागून बाहेर आलेलं दिसलं, तेव्हा घरातल्या मुलाने चांगल्या मनाने ते धरून ओढलं. मांजरी वाचली नाही. त्यानंतर महिन्याभरात तिच्याच पिल्लाने एका गिऱ्हाइकाच्या कोशाच्या साडीत नखं अडकवली, साडीचे धागे खेचले गेले आणि भरपाई द्यावी लागली. मग सासूबाईंनी निकाल दिला की पिल्लाला पोत्यात घालून कारध्याच्या पुलापलीकडे सोडून यायचं.

त्या माझ्याकडेही आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमी बी सोडून द्या जी. सुई न् मांजर एका घरात नाही नांदत."

त्यांचा राग मला समजतो. ज्या घरात शिलाई हा छंद नसून पोटापाण्याचा धंदा आहे, तिथे एका साडीचं नुकसान म्हणजे आठ-पंधरा दिवसांची कमाई. मी दुपारी हौसेने दुपट्यावर टाके घालते, माझं काही बिघडलं तर उसवून पुन्हा घालते. तेव्हा त्यांना मोठ्या तोंडाने शिकवायला जाण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि का मान्य नाही ते लिहावं म्हणून हा खटाटोप.

मुळात मांजर दोऱ्याकडे धावतं का? त्याला खोड्या काढायच्या असतात म्हणून नव्हे. मांजराचा डोळा हालचालीवर बसलेला असतो. स्थिर पडलेलं रीळ त्याला दिसलं तरी त्याचं काही नसतं, पण तुम्ही टाका घालून दोरा वर ओढलात की तो सरपटतो, थबकतो, पुन्हा सरपटतो. पालीची शेपटी अशीच हलते, सापाचं पिल्लू असंच जातं. म्हणजे दर टाक्याला आपण त्याच्या नाकासमोर शिकार नाचवतो, आणि त्याने झेप घेतली की "मेल्या" म्हणून त्याच्या पाठीत धपाटा! विणकामात तर दोन सुया, हलणारी लोकर आणि खाली टुणटुण उड्या मारणारा गुंडा. यापेक्षा चांगला सापळा कुणी मांजरासाठी मुद्दाम तयार केला नसता.

कापड पसरलं की नेमकं त्याच्या मधोमध येऊन बसणं, हे दुसरं. तुम्ही बेतायला कापड अंथरा, खडूने खूण करा, कात्री आणायला उठा आणि परत या. महाराज विराजमान! त्यालाही कारण आहे. मांजराच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त, आणि आपल्याला पंखा लागतो अशा हवेत त्याला नुसतं बरं वाटतं. कापडाची घडी ही त्याच्यासाठी गादी. शिवाय कापडाला आपल्या हाताचा वास असतो. (आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हाच कोश्या गादी सोडून न्हाणीच्या ओल्या फरशीवर चारी पाय पसरून पडतो. तेव्हा माझं बेतकाम सुरळीत होतं, पण तेव्हा मलाच सुई धरवत नाही.)

आता दोऱ्याचं. हे नीट वाचा, कारण त्या मुलाला हे कुणी सांगितलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकून टाकावासा वाटला तरी काटे तो आतच ढकलतात. पुष्कळदा दोऱ्याचा एक वेढा जिभेच्या मुळाशी अडकतो आणि उरलेला दोरा पोटातून आतड्यात उतरतो. आतडं तो पुढे ढकलू पाहतं, दोरा मात्र वर अडकलेला. नेफ्यात नाडी ओवून एक टोक धरलं आणि कापड सरकवलं तर काय होतं? चुण्या पडतात. तसंच आतडं दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होतं, आणि ताणलेला दोरा त्याला आतून करवतीसारखा कापत जातो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. कधीच नाही. कापून लहानही करायचा नाही. तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं. सुई पोटात असेल तर क्ष-किरणात दिसते, नुसता दोरा दिसत नाही, म्हणून "मांजर दोऱ्याशी खेळत होतं" हे आपण तोंडाने सांगावं लागतं. बऱ्याचदा ऑपरेशन लागतं, म्हणजे आमच्या बाजूच्या माणसाला ६० किलोमीटरवर नागपूर. खर्च होतो, नाही कशाला म्हणू? "फुकटच्या मांजरावर इतका पैसा काऊन घालता?" असं विचारणारेही भेटतात. मांजर फुकट आलं, पण घरात वाढलं ना!

पण इतकं सगळं सांगून माझा मुद्दा उलट बाजूचा आहे. हा दोरा जमिनीवर आला कुठून? मांजराने रीळ कापून तुकडे केले नव्हते. टीप संपली की दोरा दाताने तोडायचा आणि तुकडा खाली सोडायचा, ही आपली सवय. मी शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण शिकवलं आहे. वर्ग सुरू होताना सुया मोजून द्यायच्या, संपताना मोजून घ्यायच्या. वीस दिल्या तर वीस आल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. एकोणीस भरल्या की सगळा वर्ग गुडघ्यावर बसून सतरंजी चाचपायचा. मुली कुरकुरायच्या, घंटा होऊन जायची, पुढच्या तासाचे गुरुजी दारात उभे राहायचे. तरी नियम मोडला नाही, कारण दुपारी त्याच सतरंजीवर पहिलीची पोरं अनवाणी बसायची. त्या वेळी मांजर कुठे होतं?

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यायची कल्पना मांडली, तीच पुढे नई तालीम. आमच्या पिढीतल्या विदर्भातल्या शिक्षकांनी हे नाव पुष्कळ ऐकलं. पुढे कार्यानुभव आला, आणि पुष्कळ ठिकाणी तो कागदी फुलं चिकटवून प्रदर्शनापुरता उरला. हस्तकलेत वस्तू सुंदर होण्याइतकंच अवजार जागेवर जाणं महत्त्वाचं असतं, हा भाग गळला. ब्लाऊज उत्तम शिवणाऱ्या कितीतरी हुशार मुली मी पाहते, टीप अशी सरळ की पट्टी लावून बघावी, आणि मशीनभोवती टाचण्या, तुकडे, बटणं यांचा सडा. त्यात रांगतं मूलही फिरत असतं.

आणि गाय? हे तर आपल्या गावांत नेहमीचं. झाडलोटीतला केर चाऱ्यात किंवा उकिरड्यावर जातो, त्यातली सुई किंवा तारेचा तुकडा गाय न चावता गिळते. तिच्या पोटाचा जाळीदार कप्पा आणि काळीज यांच्यामध्ये एक पडदा तेवढा. सुई तो पडदा भेदून काळजापर्यंत पोचते आणि चांगली दुभती गाय महिन्याभरात झुरून जाते. अशा वेळी "ज्या घरात सुई आहे तिथे गाय नको" असं कुणी म्हणाल्याचं मी माझ्या सत्तर-बहात्तर वर्षांत ऐकलेलं नाही. गाय दूध देते, तिला पोत्यात कोण घालणार!

माझं लहानपण मोहाडीत गेलं. मोहाडी, आंधळगाव ही कोशाच्या मागांची गावं. जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोसे पिकवत, त्यांचं सूत होऊन आमच्या आळीत मागावर येई. करवतकाठी साडी तिथलीच. अंगाला टसर, काठाला सूत, आणि दोन्ही जोडायला तीन धोटे. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी उठते म्हणून ती करवती. आता या घरांतून सगळीकडे धागाच धागा. तरी मागाच्या घरोघर मांजर असे, आणि मुद्दाम ठेवलेलं असे. कारण ताण्याला खळ लावलेली, आणि खळीच्या वासाने उंदीर येणारच. एका रात्रीत उंदराने ताणा कुरतडला तर महिन्याचं काम गेलं. मांजर बाहेरच्या पडवीत निजे, मागाच्या खोलीचं दार दिवसा ओढून घेतलेलं असे, आणि तुटका धागा जमिनीवर न टाकता मागाच्या खांबाला अडकवलेल्या चिंधीत खोचला जाई. शिकवलं कुणी नव्हतं, पण पाळलं सगळ्यांनी. पुढे वाचनात आलं की जपानमध्येही रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी उंदरांपासून राखण म्हणून मांजरं पाळत. ताशिरोजिमा नावाच्या बेटावर तर मांजराचं देऊळच आहे. म्हणजे धागा आणि मांजर यांचं नातं आपण समजतो तेवढं वाकडं नाही.

पोत्याविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवं. नदीपलीकडे सोडलेलं मांजर "कुठेतरी जगतं" ही आपण आपल्या मनाची घातलेली समजूत आहे. मांजराला जागेची ओढ फार. अनोळखी ठिकाणी तिथली मांजरं आणि कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत, आणि घराकडे परत यायला निघालेलं मांजर हमरस्त्यावर ट्रकखाली येतं. उपाशी मरेल अशा तऱ्हेने प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "मांजरासाठी बी कायदा?" कायद्याने नाही पटलं. मग मी म्हटलं, बाळंतिणीच्या घरी सहाव्या दिवशी तुम्ही षष्ठीची पूजा मांडता, तिचं वाहन काय? मांजर. तुमच्या नातवाची राखण करणारी देवी ज्यावर बसते त्याला पोत्यात घालणार का? यावर त्या जरा गप्प झाल्या. (युक्तिवाद फार शास्त्रीय नव्हता हे मला ठाऊक आहे. वर्गात चाळीस वर्षं काढली की कुणाला कुठली किल्ली लागते ते कळतं.)

माझ्या घरी काय करते ते कुणी विचारलंच तर सांगते, त्यात काही विशेष नाही. रिळं, लडी, सुया सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. दोऱ्याचे तुकडे टाकायला शेजारी अरुंद तोंडाची बाटली. उठताना सुया मोजायच्या आणि एक लोहचुंबक चटईवरून फिरवायचा. त्याला चिकटून काय काय निघतं ते एकदा बघाच. कोश्याला स्वतंत्र बसायला जुन्या लुगड्याची घडी माझ्या डाव्या हाताला, आणि कामाला बसण्याआधी पाच मिनिटं चिंध्यांच्या चेंडूशी मनसोक्त खेळ. खेळून दमलेलं मांजर दोऱ्याकडे एक डोळा उघडून बघतं आणि मिटतं. पण गिऱ्हाइकाची साडी असेल तर यातलं काहीही पुरेसं नाही, तिथे दारच बंद हवं. हौसेच्या कामाला एक नियम आणि धंद्याच्या कामाला दुसरा, हे मान्य करायला हरकत नाही.

शेजारच्या सुनेने शेवटी सुताराकडून शिवणाच्या खोलीला जाळीचं दार बसवून घेतलं. पैसे तिनेच तिच्या शिलाईतून दिले. पिल्लू आता जाळीबाहेर बसून मशीनच्या चाकाकडे टक लावून बघत असतं. सासूबाईंनी पोतं परत धान्याला लावलं आहे. परवा सून माझ्याकडे तसली अरुंद तोंडाची बाटली मागायला आली होती, आणि जाता जाता विचारून गेली, "काकू, तुमचं लोहचुंबक मले एक दिवसासाठी देता का?"